सरांना-मॅडमना एडीएचडीबद्दल सांगायचंय? गणपतीच्या सुट्टीआधी सांगा, आणि असं सांगा

एस.वाय.ला असताना माझं केमिस्ट्रीचं जर्नल सर्टिफाय व्हायचं राहिलं होतं. प्रॅक्टिकल सगळी केलेली, एकही बुडवलेलं नाही, पण इंडेक्सच्या पानावर अर्ध्याहून जास्त ठिकाणी सहीच नाही, कारण रीडिंग्ज कुठल्या कुठल्या सुट्या कागदांवर होती, काही तळहातावर लिहिलेली जी पावसात धुवून गेली. परीक्षेच्या आदल्या दिवशी मॅडमनी जर्नल बाजूला सरकवलं आणि म्हणाल्या, "बेफिकीर आहेस तू." मी काहीच बोलले नाही. बोलायला शब्दच नव्हते माझ्याकडे. एडीएचडीचं, म्हणजे लक्ष हवं तिथे धरून ठेवता न येण्याच्या अडचणीचं, निदान झालं ते एम.एस्सी.ला गेल्यावर.

आता मी इथेच कोकण किनाऱ्यावरच्या एका कॉलेजात सीएचबीवर, म्हणजे तासांच्या हिशोबाने मानधनावर, शिकवते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात. दरवर्षी एखाद-दुसरं मूल येतं आणि हळू आवाजात सांगतं की मॅडम मला एडीएचडी आहे, किंवा असावं असं वाटतं. आणि बहुतेकजण येतात कधी, तर मार्चमध्ये, जर्नल राहिलेलं, अटेंडन्स 75 टक्क्यांच्या खाली, इंटर्नलचे मार्क भरून झालेले. तेव्हा मला कितीही वाटलं तरी माझ्या हातात काही उरलेलं नसतं. म्हणून हे सगळं लिहितेय.

एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: सरांना आजार समजावून सांगायला जाऊ नका. त्यांच्या तासाला, त्यांच्या लॅबमध्ये तुमचं नेमकं काय अडतं ते सांगा आणि त्यांच्या हातात असलेली एक किंवा दोन गोष्टी मागा. बाकी सगळं याच्या आजूबाजूचं आहे.

आधी तुमच्याकडे काय आहे ते बघा

डॉक्टरांनी तपासून निदान केलंय का, की रील्स बघून स्वतःला ओळखलंय? दोन्ही ठिकाणी बोलता येतं पण बोलणं वेगळं असतं. निदान नसेल तर "मला एडीएचडी आहे" असं म्हणू नका, समोरच्याने कागद मागितला की तुम्ही अडकता आणि मग खरी अडचणसुद्धा खोटी वाटायला लागते. त्याऐवजी अडचण सांगा आणि "डॉक्टरांना दाखवायचं ठरवलंय" एवढं म्हणा. ते खरं असायला हवं मात्र.

दाखवायचं कुठे हा आपल्याकडचा मोठा प्रश्न. जिल्हा रुग्णालयात मानसोपचार विभागात चौकशी करा. रत्नागिरीला प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. मला माहितेय की हे नाव ऐकूनच घरात शांतता पसरते, आपल्याकडे कुणी थोडं वेगळं वागलं की "ह्येका रत्नागिरीक न्हेवक होयो" असं सहज बोलतात, पण तिथेही ओपीडीत दाखवून घरी येणारी माणसं असतात, दाखवायला गेलं म्हणजे ठेवून घेतात असं नाही. सिंधुदुर्गातल्यांना बांबोळी जवळ पडतं, गोवा मेडिकल कॉलेजला आपली माणसं नेहमीच जातात, मानसोपचाराची वेगळी संस्थाही तिथेच बांबोळीला आहे. मुंबईत मामा-काका असतील तर केईएम, नायर, सायन, यातलं कुठलंही, कोकणकन्याने रात्री निघून जाता येतं. आणि एवढं लांब जायच्या आधी नुसतं बोलायचं असेल तर टेली-मानसला 14416 वर फोन करा, ऑक्टोबर 2022 मध्ये सुरू झालेली सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, चोवीस तास चालू, मराठीत बोलतात.

जाताना शाळेची प्रगतीपुस्तकं घेऊन जा. हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि दुसरी खेप पडली. एडीएचडीचं निदान करताना लक्षणं वयाच्या 12 वर्षांआधीपासून होती का हे बघतात, त्यामुळे चौथी-पाचवीच्या बाईंनी लिहिलेला "हुशार आहे पण लक्ष देत नाही" हा शेरा तिथे उपयोगी पडतो. आई किंवा लहानपण बघितलेलं कुणीतरी सोबत असलं तर उत्तमच. डॉक्टर झोपेबद्दल, थायरॉइडबद्दल, उदास वाटतं का याबद्दलही विचारतील, कारण लक्ष लागत नाही याची कारणं बरीच असतात. त्यात वेळ जातो, जाऊ दे.

नावाचा गोंधळ होतो म्हणून एवढंच: एडीडी हे 1980 चं नाव, 1987 मध्ये त्याचं एडीएचडी झालं, आणि आता त्यातच तीन प्रकार मानतात. नुसतं लक्ष सुटण्याचा, नुसता चळवळेपणाचा आणि दोन्ही मिळून. मुलींमध्ये पहिला प्रकार बऱ्याचदा कळतच नाही कारण मुलगी गप्प बसलेली असते, कुणाला त्रास देत नाही. सरांना हे सांगायची वेळ येते, विशेषतः "तू तर शांत असतेस" असं ते म्हणाले तर.

कोणाच्या हातात काय आहे

इथे सगळ्यात जास्त गैरसमज आहेत म्हणून जरा सावकाश सांगते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016 चा, लागू झाला 19 एप्रिल 2017 पासून. त्यात 21 प्रकारची दिव्यांगता दिलीय. त्या यादीत स्पेसिफिक लर्निंग डिसॅबिलिटी आहे, ऑटिझम आहे, मानसिक आजार आहे, पण एडीएचडी हे नाव नाही. म्हणजे नुसत्या एडीएचडीच्या कागदावर विद्यापीठाच्या पेपरला जादा वेळ मिळेलच असं धरून चालू नका, आणि मिळाला नाही तर सरांवर रागावू नका, ते त्यांच्या हातातच नाही. बऱ्याच मुलांना एडीएचडीबरोबर एलडी, म्हणजे यादीतली ती लर्निंग डिसॅबिलिटी, वाचनाची, लिखाणाची किंवा गणिताची वेगळी अडचणही असते. तशी शंका असेल तर ती तपासणी वेगळी करून घ्या, त्याचं सर्टिफिकेट निघालं तर चित्र बदलतं. 2018 च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांत 40 टक्के किंवा जास्त दिव्यांगता असलेल्यांना लेखी परीक्षेत तासाला किमान 20 मिनिटं जादा द्यायचं ठरलं, म्हणजे तीन तासांच्या पेपरला एक तास. 40 च्या खाली असूनही लिहायला अडचण असणाऱ्यांसाठी ऑगस्ट 2022 मध्ये वेगळ्या सूचना आल्या. दहावी-बारावीला बोर्डाची सवलत घेतली असेल तर ते कागद सांभाळून ठेवा आणि ॲडमिशनच्या वेळीच ऑफिसला द्या, परीक्षेच्या तोंडावर नाही. हा सगळा रस्ता परीक्षा विभाग आणि प्राचार्यांमार्फत जातो.

आता प्रोफेसरच्या स्वतःच्या हातात काय असतं, आणि यातल्या कशालाच सर्टिफिकेट लागत नाही: तुम्हाला कुठे बसवायचं. सूचना तोंडी द्यायची की फळ्यावर लिहायची, ग्रुपवर टाकायची. असाइनमेंट एकदम घ्यायची की दोन टप्प्यांत बघायची. जर्नल दर आठवड्याला तपासायचं. व्हायवा सकाळी पहिल्यांदा घ्यायची की चार वाजेपर्यंत ताटकळत ठेवायचं. तास रेकॉर्ड करू द्यायचा का. एवढ्या गोष्टी एक माणूस नुसतं "बरं" म्हणून देऊ शकतो. माझ्या अनुभवात मुलं नेमकं हे सोडून जादा वेळ मागायला येतात आणि नकार घेऊन जातात.

आठवडाभर वहीत लिहा

बोलायला जायच्या आधी एक आठवडा, फक्त एकच, एका छोट्या वहीत किंवा मोबाईलच्या नोट्समध्ये लिहून ठेवा की त्या विषयात काय सुटलं, कधी सुटलं. "माझं लक्ष लागत नाही" हे कुणालाही वाटतं, सरांनाही वाटतं. त्यापेक्षा बारीक जा.

मी तुम्हाला टायट्रेशनचं उदाहरण देते. ब्युरेटमध्ये सोडियम हायड्रॉक्साइड भरलंय, खाली कोनिकल फ्लास्कमध्ये ॲसिड आणि फिनॉल्फ्थॅलीनचे दोन थेंब. एका हाताने नॉब, एका हाताने फ्लास्क गोल फिरवायचा, नजर रंगावर. शेजारच्या टेबलवर कुणाचातरी पिपेट पडतो, तुम्ही मान वळवता, एवढंसंच, आणि परत बघता तर फिकट गुलाबीच्या जागी गडद राणी रंग झालेला. एंड पॉइंट, म्हणजे थांबायचा नेमका क्षण, गेला. परत सुरू करायचं तर लक्षात येतं की सुरुवातीचं रीडिंग लिहिलंच नव्हतं. तीन रीडिंग जुळायला हवीत, बाकीच्यांची जुळली, तुमचं पहिलंच चालूय. आता हे असंच्या असं सांगितलं तर केमिस्ट्रीच्या कुठल्याही मॅडमना क्षणात कळतं, कारण ही लॅब त्यांची रोजची आहे. मागच्या वर्षी एका मुलाने मला म्हटलं, "मॅडम, तुम्ही दोन सूचना एकदम दिल्या की दुसरी माझ्याकडे पोचतच नाही, आणि मला खिडकीजवळून उठवा, समोर खाडी आहे, होड्या जातात." मी त्याला भिंतीकडच्या टेबलवर हलवलं आणि प्रत्येक प्रॅक्टिकलच्या पायऱ्या एका कागदावर लिहून टेबलला चिकटवल्या. तो कागद नंतर सगळी बॅच वापरायला लागली. माझा त्यात गेला असेल दहा मिनिटांचा वेळ.

आपल्याकडचं अजून एक लिहून ठेवा. जुलैत पत्र्यावर पाऊस सुरू झाला की मागच्या बेंचवर कुणालाच धड ऐकू येत नाही. बाकीची मुलं तुटलेलं वाक्य जोडून घेतात, आपल्याला ते जोडता येत नाही. पुढच्या बाकावर जागा मागायला एवढं कारण पुरेसं आहे.

कोणाला, कधी, कुठे

सगळ्यांना एकदम सांगायची गरज नाही. ज्या विषयात जास्त बुडताय त्या, किंवा जे ऐकून घेतात त्या एका सरांपासून सुरुवात करा. तुमचा मेंटॉर म्हणून कुणी नेमलेला असेल तर तो चांगला पर्याय, कारण त्याच्याकडे नोंद राहते.

वेळ गणपतीच्या सुट्टीआधीची. हे मी अगदी ठासून सांगते. जून-जुलैत ॲडमिशन, तास सुरू व्हायला वेळ लागतो, मग चतुर्थी आली की सगळं कोकण बंद, घरात चाकरमानी, आरत्या, भजनं, अभ्यासाचं नाव नाही, आणि सुट्टी संपली की पंधरा दिवसांत इंटर्नल दारात. आपल्यासारख्याची बसलेली घडी त्या सुट्टीत पूर्ण मोडते आणि परत बसायला बाकीच्यांपेक्षा जास्त दिवस लागतात. म्हणून आधी बोलून ठेवा म्हणजे सुट्टीनंतर सरांना माहीत असतं. दुसऱ्या सेमला तेच गणित शिमग्याचं, त्याच्या आधी बोला, नंतर परीक्षा आणि घरी आंबा-काजूचं काम एकदमच येतं.

जागा स्टाफरूम नको. आपली गावं लहान, सर तुमच्या काकांबरोबर शिकलेले असतात, शेजारच्या टेबलवरच्या मॅडम तुमच्या आईच्या बचतगटात असतात, शिपाईमामा तुमच्याच वाडीतले. मला वाटतं आपल्याकडची मुलं बोलत नाहीत त्याचं खरं कारण हे आहे. प्रोफेसरची भीती दुय्यम, संध्याकाळपर्यंत वाडीत कळेल ही भीती पहिली. म्हणून आधी वेळ मागा, आणि एसटी चुकणार नाही अशी मागा, नाहीतर अर्धं बोलणं घड्याळाकडे बघण्यात जातं:

"सर, नमस्कार. मी एस.वाय. बी.एस्सी.मधली. अभ्यासाबद्दल दहा मिनिटं बोलायचं होतं, पण एकट्याशी. उद्या किंवा परवा तास संपल्यावर लॅबमध्ये आले तर चालेल का?"

एवढाच मेसेज. सगळी कहाणी व्हॉट्सॲपवर लिहू नका, फॉरवर्ड व्हायला एक बोट पुरतं.

काय बोलायचं

घरी दोनदा मोठ्याने म्हणून बघा आणि कागदावर चार मुद्दे लिहून सोबत न्या, कागद बघून बोललात तर काही बिघडत नाही. साधारण असं:

"सर, मला एडीएचडी आहे, डॉक्टरांनी तपासून सांगितलंय. म्हणजे मला हवं तिथे लक्ष धरून ठेवता येत नाही, आणि तोंडी सांगितलेलं पटकन सुटतं. तुमचं शिकवलेलं समजतं मला. पण सबमिशनची तारीख तुम्ही तास संपताना सांगता तेव्हा सगळे बॅगा भरत असतात, ती माझ्यापर्यंत येतच नाही, या महिन्यात दोनदा असं झालं. तारीख फळ्यावर लिहिलीत किंवा ग्रुपवर टाकलीत तर माझं काम होईल. जर्नल मी दर शुक्रवारी तुम्हाला दाखवेन, तुम्ही फक्त सही करा. आणि सर, हे तुमच्यापुरतंच ठेवाल ना? घरी माहीत आहे, पण गावात नको."

शेवटचं वाक्य गाळू नका. मागितल्याशिवाय समोरच्याला कळत नाही की हे गुपित आहे, तो चांगल्या मनानेच चार जणांना सांगून बसतो. घरी माहीत नसेल तर तेही तसंच सांगा.

काय सांगायची गरज नाही ते पण लिहिते. औषधाचं नाव, डोस, डॉक्टरांनी अजून काय लिहिलंय, घरातली भांडणं, हे काही नाही. केसपेपरची फाइल कधीच देऊ नका, लागलाच तर डॉक्टरांकडून चार ओळींचं पत्र घ्या आणि त्याची झेरॉक्स द्या, ओरिजिनल नाही. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम 2017 मध्ये गोपनीयतेचा हक्क आहे, तुमच्या परवानगीशिवाय डॉक्टर तुमची माहिती कॉलेजला देत नाहीत. किती सांगायचं ते तुम्ही ठरवायचं.

निदान नसेल तर पहिलं वाक्य बदला: "सर, मला शाळेपासून लक्ष टिकवायला खूप जड जातं, डॉक्टरांना दाखवायचं ठरवलंय, तोपर्यंत एक मदत हवी होती." पुढचं सगळं तेच.

समोरून काय येऊ शकतं

बहुतेक जण ऐकून घेतात, खरंच. पण काही वाक्यं ठरलेली आहेत आणि त्यांची तयारी असावी.

"मोबाईल बाजूला ठेव, सगळं बरं होईल." वाद घालू नका. "हो सर, मोबाईलने वाढतंच, तो मी बॅगेत ठेवते, पण हे पाचवीपासून आहे, तेव्हा माझ्याकडे मोबाईल नव्हता." बस.

"रात्रभर दशावतार बघतोस, मग माझ्या तासाला पाऊण तास बसायला काय होतं?" हे एका मुलाला माझ्यासमोर विचारलं गेलंय. त्याला उत्तर सुचलं नाही, खाली मान घालून उभा राहिला, म्हणून इथे देते: "सर, तीच तर अडचण आहे. जिथे मन ओढलं जातं तिथे लक्ष इतकं चिकटतं की सोडवता येत नाही, आणि जिथे लावायचं ठरवतो तिथे लागत नाही. लक्ष आहे, लगाम हातात नाही." लगाम म्हटलं की पटकन समजतं, मी स्वतः हाच शब्द वापरते.

"वडिलांना घेऊन ये." तुम्ही 18 पूर्ण असाल तरी आपल्याकडे हे येतंच. घरी माहीत असेल तर न्या, बाबा आले की सरांचा सूर बदलतो हेही मी बघितलंय. माहीत नसेल तर सांगा, "सर, घरी अजून बोललो नाही, मला थोडा वेळ द्या, मी स्वतः सांगणार आहे."

"सगळ्यांना सवलत दिली तर कसं होणार?" इथे नरम पण स्पष्ट रहा: "सर, मी मार्क मागत नाही, तारीख लिहून मागतोय."

आणि कुणी टिंगल केली, वर्गात नाव घेऊन बोललं, तर त्याच दिवशी तारीख, वेळ, शब्द लिहून ठेवा. आधी विभागप्रमुख, मग प्राचार्यांना लेखी अर्ज, आवक क्रमांक टाकून पोच घ्या, पोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही. त्यानेही झालं नाही तर यूजीसीच्या 2023 च्या नियमांप्रमाणे विद्यार्थी तक्रार निवारण समिती असते, तिच्याकडे जाता येतं. अर्ज छोटा असू दे:

"विषय: वर्गातील सोयीबाबत. महोदय, मला लक्ष टिकवण्याची वैद्यकीय अडचण असून डॉक्टरांचे पत्र सोबत जोडले आहे. मला (1) पुढील बाकावर जागा, (2) सबमिशनच्या सूचना लेखी स्वरूपात मिळाव्यात, ही विनंती. सदर माहिती गोपनीय ठेवावी."

बोलणं झाल्यावर

त्याच रात्री एक मेसेज: "सर, आज वेळ दिलात, थँक्यू. ठरल्याप्रमाणे दर शुक्रवारी जर्नल दाखवते." आजाराचं नाव त्यात नको. याने ठरलेलं लेखी राहतं आणि सरांच्याही लक्षात राहतं, त्यांच्याकडे शंभर मुलं असतात.

मग तो शुक्रवार पाळा. एखादा चुकेल, मला पक्कं माहितेय चुकेल, तेव्हा तोंड लपवून लॅब टाळू नका, मी तसंच करायचे आणि एका चुकलेल्या शुक्रवारचा महिना व्हायचा. सोमवारी सकाळी जा, "मॅडम, शुक्रवारचं राहिलं, आज आणलंय" एवढंच म्हणा, कारणं सांगत बसू नका. माझ्याकडे असं सोमवारी आलेलं जर्नल मी कधीच परत पाठवलेलं नाही.

एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही. आपल्याकडच्या कॉलेजांत बरेच जण माझ्यासारखे सीएचबीवर आहेत, पुढच्या वर्षी असतील की नाही त्यांनाच माहीत नसतं. तुम्ही ज्यांच्याशी मोकळं बोललात ते जूनमध्ये दुसऱ्याच कॉलेजला गेलेले असतील. म्हणून मार्चमध्ये, ते जायच्या आधी, त्यांनाच विचारा, "मॅडम, पुढच्या वर्षी कोणाशी बोलू?" मी जाताना मुलाला विचारून पुढच्या सरांशी त्याची ओळख करून देते, आणि त्याच्या टेबलला चिकटवलेला पायऱ्यांचा कागद काढून त्याच्या जर्नलमध्ये ठेवते.